कोपिनेश्वरा, जमीन निर्धोक कर

हे कोपिनेश्वरा, ठाण्याच्या धन्या, मी खोपटचा एक रिटायर हवालदार तुझ्यापुढे उभा आहे. एकट्याने उभं राहून मागणं मागायची मला सवय नाही. फौजेत रविवारी मंदिर परेड असायची. सगळ्यांनी मिळून आरती म्हणायची, पंडितजींच्या हातून प्रसाद घ्यायचा, बाहेर येऊन बूट चढवायचे. त्या आवाजात एकेकाचं मागणं मिसळून जायचं. आता साठी उलटली, बरोबरचे गळे पांगले. जे मागायचं ते आता माझ्याच आवाजात मागतो.

पहिलं मागणं जमिनीसाठी आहे.

मी सॅपर होतो, देवा. खडकीच्या बॉम्बे इंजिनिअर ग्रुपचा. फौजी म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे बंदूक येते. सॅपरकडेही बंदूक असते, पण ती पाठीवर. हातात त्याच्या फावडं असतं, दोर असतो, पुलाची लोखंडी पट्टी असते आणि सुरुंग असतात. सुरुंग पेरायचे त्यानेच आणि काढायचेही त्यानेच. पायदळ चाल करतं तेव्हा वाट मोकळी करणारा त्याच्याही पुढे पोटावर सरकत असतो, हे तुझ्यासारखं वरून बघणाऱ्यालाच नीट दिसत असेल.

१३ डिसेंबर २००१ ला संसदेवर हल्ला झाला आणि आठवड्याभरात आख्खी फौज सरहद्दीवर निघाली. ऑपरेशन पराक्रम. आमची कंपनी पंजाबात फाजिल्क्याकडे गेली. शेतं गव्हाची होती, पेरणी होऊन अंकुर वर आलेले. त्या हिरव्या ओळींमधून आम्ही आमच्या ओळी आखल्या. शेतकरी बांधावर उभे राहून बघत होते. कोणी अडवलं नाही, कोणी शिवी दिली नाही. एका म्हाताऱ्या सरदारजीने बादलीभर चहा आणून ठेवला आणि तो आपल्याच शेताकडे बघत राहिला. तो वारला असेल आता. त्याला तुझ्याजवळ चांगली जागा दे.

एम-१४ नावाचा सुरुंग तळहातात मावतो. वजन शंभर ग्रॅमच्या आसपास, अंग प्लास्टिकचं. झाकणावर बाण असतो. बाण 'एस'वर, म्हणजे सेफवर, असेपर्यंत तो झोपलेला. क्लिप काढायची, झाकण फिरवून बाण 'ए'वर, म्हणजे आर्म्डवर, आणायचा, मग तो जागा. वर माती पसरायची ती बोटांच्या टोकांनी, हळू. माणूस मारायला तो केलेलाच नाही. पाऊल तोडायला केलाय, कारण एक जखमी उचलायला दोन माणसं लागतात आणि लढाईतून तिघं कमी होतात. ज्याने हा हिशेब प्रथम मांडला त्याला तू काय विचारलंस, हे मला कळायचं नाही. आम्हाला हुकूम होता, समोर शत्रूचे रणगाडे होते, आणि ती जमीन राखायची होती. पुन्हा तोच हुकूम आला असता तर पुन्हा तेच केलं असतं. त्याबद्दल मी क्षमा मागत नाही. मागतो ते वेगळं आहे.

धुकं एवढं दाट की हात लांब केला तर बोटं दिसत नसत. थंडीने बोटं बधिर. हातमोजे घालून क्लिप निघत नाही, म्हणून मोजे काढायचे, हात काखेत धरून ऊब आणायची आणि पुढच्या खड्ड्याकडे वळायचं. संध्याकाळी काढलेल्या क्लिपा मोजून जमा करायच्या. जितके सुरुंग तितक्या क्लिपा, आणि तितकीच नोंद नकाशावर. एक क्लिप कमी भरली तर कोणी जेवायला बसत नसे. त्या धुक्यात, त्या घाईत माणसं गेली. युद्ध झालंच नाही. २००२ च्या ऑक्टोबरात फौज मागे घ्यायचं ठरलं. पण तोवर आणि त्यानंतर सुरुंग काढताना, अपघातांत, शेकडो जवान गेले नाहीतर कायमचे जायबंदी झाले. गोळी न सुटता गेलेल्यांची गाणी कोणी रचत नाही. कोपिनेश्वरा, तू त्यांना नावानिशी ओळखतोस ना? मला काही नावं माहीत आहेत. इथे उच्चारत नाही, त्यांच्या घरची माणसं अजून आहेत. मनात म्हणतो, ऐक.

पेरलेलं काढणं जास्त अवघड. मधल्या काळात पाऊस येतो, कालव्याचं पाणी सुटतं, उंदीर माती उकरतात, जनावरं फिरतात. हलका सुरुंग पाण्याबरोबर सरकतो. नकाशा सांगतो इथे, आणि तो असतो चार हात पलीकडे. त्यात लोखंड एवढंसं असतं की डिटेक्टर कधी बोलतो, कधी गप्प राहतो. मग प्रॉडर, म्हणजे टोचून बघायची सळई. पोटावर झोपायचं, तिरकस कोनात सळई जमिनीत घालायची, काही लागतंय का ते बोटांनी ऐकायचं. नसेल तर दोन बोटं पुढे, पुन्हा सळई. दोन्ही बाजूंना पांढरी फीत, आणि त्या फितीच्या आतली जागा तेवढी आपली. आमचे उस्ताद सुभेदार होते. खडकीत रेतीच्या पट्ट्यावर आमच्या पाठीवर हलकेच बूट ठेवून सांगायचे, "हात सैल सोड, श्वास सावकाश घे. घाई शत्रूला असू दे." ते वाक्य मला तुझ्या कुठल्याही स्तोत्राइतकं पाठ आहे. त्याच्या जोरावर मी दोन्ही पायांनी घरी आलो.

तर मागणं हे. त्या शेतांत एखादा राहून गेला असेल, नोंदीतून निसटलेला, पाण्याने कुठेतरी नेलेला, तर त्याच्या आतली पिन गंजून जाऊ दे. त्याची दारू मातीत विरून जाऊ दे. त्याच्यावर बाभूळ उगवू दे आणि मुळांनी त्याला कायमचा आवळून धरू दे. गुरांमागे धावणाऱ्या कुठल्याही पोराचं पाऊल त्यावर पडू नये. पलीकडच्या बाजूलाही त्यांच्या सॅपरांनी असेच पेरले होते. तिकडच्या पोरांसाठीही हेच मागतो. जमिनीला कुंपण असतं, पोरांना नसतं.

मी रस्त्याने चालताना मान खाली घालून चालतो. खोपटला एसटी स्टँडच्या आजूबाजूला रस्ता सारखा कशासाठी तरी उकरलेला असतो, आणि ताजी बुजवलेली माती दिसली की पाय आपोआप बाजूने जातो. इतक्या वर्षांनंतरही. बायको आधी विचारायची, आता नुसता हात धरते. याबद्दल माझी तक्रार नाही. एवढंच मागतो की नातीला धरून चालताना माझा हात कापू नये, तिला ते कळू नये.

दुसरं मागणं माझ्या गुरूंच्या गुरूसाठी. त्यांना तू १९९४ ला बोलावून घेतलंस, आता ते तुझ्याकडेच आहेत. मेजर रामा राघोबा राणे. कारवारजवळच्या चेंडिया गावचे, पोलीस शिपायाचा मुलगा. १९४० ला बॉम्बे इंजिनिअर्समध्ये साधे सॅपर म्हणून भरती झाले. ब्रह्मदेशात जपान्यांशी लढाई चालू होती. बुथिडाँगला दारूगोळ्याचे साठे शत्रूच्या हाती पडू नयेत म्हणून मागे थांबून ते उडवून द्यायचं काम त्यांच्या तुकडीला मिळालं. न्यायला जहाज यायचं होतं, आलं नाही. जपान्यांचा पहारा असलेली नदी ओलांडून ते परत आपल्या डिव्हिजनमध्ये आले. खडकीत रिक्रूट असताना आम्हाला हे ऐकवलं जायचं, आणि नंतर पुढचं.

पुढचं तू पाहिलंयस, तरी मला सांगू दे. सांगितल्याशिवाय माझं मागणं पुरं होत नाही. एप्रिल १९४८, काश्मीरची लढाई. नौशेऱ्याहून राजौरीकडे कुमक निघाली होती, राजौरीत माणसं मारली जात होती. रस्ता पाडून टाकलेला, पाइनची झाडं आडवी टाकून त्यांच्याभोवती सुरुंग पेरलेले. रणगाडे पुढे सरकेनात. ८ एप्रिलला राण्यांची तुकडी काम सुरू करायला सज्ज असतानाच मॉर्टरचा मारा झाला. दोन माणसं गेली, पाच जखमी, त्यांत राणे स्वतः. जखम बांधून ते पुन्हा कामाला लागले. सांगतात की ते पुढच्या रणगाड्याच्या पोटाखाली शिरले. वर लोखंड, खाली सुरुंग. दोन दोर वर चालकाकडे नेलेले. एक ओढला की थांब, दुसरा ओढला की चल. सरपटत सुरुंग काढायचा, दोर ओढायचा, रणगाडा हातभर पुढे. मशिनगनच्या गोळ्या रणगाड्याच्या अंगावर आदळत होत्या, आणि हा माणूस खाली बोटांनी माती चाचपत होता. असे चार दिवस. ११ तारखेला सकाळी चिंगसच्या जुन्या मुघल सराईपर्यंत वाट मोकळी झाली, तरी त्या दिवशी रात्रीपर्यंत काम चालूच, आणि १२ ला फौज राजौरीत शिरली.

या कामासाठी त्यांना परमवीर चक्र मिळालं. त्या चक्राची रचना सावित्रीबाई खानोलकरांनी केली. मराठी फौजी अफसराशी लग्न करून इकडे आलेली परदेशी मुलगी, तुझ्या पुराणांत इतकी रमली की पदकावर तिने इंद्राचं वज्र घातलं, दधीचीने दिलेल्या हाडांपासून घडवलेलं. राण्यांनी हाडं दिली नाहीत, ती जपून परत आणली आणि आणखी वीस वर्षं नोकरी केली. १९६८ ला मेजर म्हणून निवृत्त झाले. मला त्यांचं हे मोठं वाटतं. चार दिवसांच्या पराक्रमाची पुढची वीस वर्षं रोजच्या हजेरीत, बदल्यांत, बांधकामांत, पगारपत्रकांत काढायची, आणि मी राजौरीचा राणे असं कोणाला ऐकवायचं नाही. देवा, ही रोजची वर्षं तुझ्या खात्यात कुठे लिहिली जातात? कारवारच्या किनाऱ्यावर त्यांचा पुतळा आहे, अंदमानातल्या एका बेटाला आता त्यांचं नाव आहे. ठाण्यातल्या पोरांना मात्र ते नाव सांगावं लागतं. मी सांगतो. माझ्या तोंडी बळ दे.

श्रीलंकेचंही तुझ्या कानावर घालतो. १९८७ ते १९९०, शांतिसेना. रोज पहाटे आधी सॅपरने रस्त्यावर चालत जायचं, मागून गाड्या. रोड ओपनिंग म्हणायचे त्याला. मोरीखाली, डांबराच्या कडेला, नारळाच्या बुंध्याशी कुठेही काहीही पुरलेलं असे. त्या बेटावर आपली बाराशेच्या आसपास माणसं राहिली. शीवच्या एस. आय. ई. एस. मध्ये शिकलेले मेजर रामस्वामी परमेश्वरन तिथेच २५ नोव्हेंबर १९८७ ला गेले, ८ महार पलटणीचे. छातीत गोळी लागल्यावर समोरच्याचीच रायफल हिसकावून घेतली त्यांनी. परत आल्यावर त्या लढाईबद्दल कोणी फारसं विचारलं नाही, आणि आम्हीही बोललो नाही. ते न बोललेलं अजून ज्यांच्या आत आहे, त्यांना रात्री झोप दे. गोळ्या घेऊन येते ती झोप नको, तुझी दे.

माझ्या भरतीच्या जोडीदाराचा उजवा पाय घोट्याच्या वरून गेला. फाजिल्क्याच्याच शेतात. पुण्याच्या कृत्रिम अवयव केंद्रात त्याला पाय बसवला. १९४४ पासून तिथे फौजींना हात-पाय करून देतात. मी भेटायला गेलो तेव्हा तो दोन दांड्यांच्या मध्ये चालायला शिकत होता, समोर आरसा. आरशात मला बघून म्हणाला, "बूट एकाच पायाला पॉलिश करायला लागतो, बघ." नंतर त्याने गावाकडे दुकान टाकलं. पाऊस आला की त्याला नसलेली बोटं दुखतात. देवा, डॉक्टर त्याला समजावून सांगतात पण दुखणं थांबत नाही. नसलेल्या बोटांवर हात फिरवणारा तुझ्याशिवाय कोण आहे?

त्याला मी मुरलीकांत पेटकरांची गोष्ट नेहमी सांगतो. सांगलीकडचे, ई. एम. ई. चे. १९६५ च्या लढाईत गोळ्या लागून कंबरेखालचं अंग निकामी झालं, आणि १९७२ ला हायडलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये पन्नास मीटर पोहण्यात त्यांनी भारताला सुवर्णपदक दिलं. पद्मश्री मिळाली २०१८ ला. मधली सेहेचाळीस वर्षं त्यांनी कशी काढली असतील, हे मी जोडीदाराला सांगत नाही. त्याला ते ठाऊक आहे. खडकीच्या पॅराप्लेजिक सेंटरमध्ये आजही जवान खाटेवर पालथे पडून तोंडात ब्रश धरून चित्रं काढतात. त्यांच्या पाठीला जखमा होऊ देऊ नकोस. कूस बदलून देणारा माणूस रात्री जागा ठेव.

आता बाईमाणसांचं. आम्ही सरहद्दीवर होतो तेव्हा घर त्यांनी चालवलं. माझ्या बायकोने चार महिन्यांच्या पोराला कडेवर घेऊन सिव्हिल हॉस्पिटलला रांगा लावल्या, म्हातारीचं औषधपाणी केलं, शाळेची फी भरली, आणि पत्रात लिहिलं, "इकडे सर्व खुशाल." ते वाक्य खरं नव्हतं हे मला माहीत होतं, आणि मला माहीत आहे हे तिला माहीत होतं. मीही तेच लिहायचो. ज्यांचे परत आले नाहीत त्या बायका अजून कागद घेऊन फिरतात. एका दाखल्यावर नाव असं, दुसऱ्यावर तसं, आणि तेवढ्यावर पेन्शन अडते. नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यायचा तर बोटांचे ठसे उमटत नाहीत, भांडी घासून पुसले गेलेले. शक्य तेवढ्यांचे फॉर्म मी भरून देतो. खिडकीच्या पलीकडे बसलेल्या माणसाच्या मनात माणुसकी घाल. त्या बायकांच्या बोटांचे ठसे उमटू देत.

लढाईची बातमी आली की आमच्या इथली तरणी पोरं मला येऊन विचारतात, "काका, होऊन जाऊ दे ना एकदाचं?" त्यांच्या डोळ्यांतली चमक खोटी नसते. देशावर त्यांचं प्रेम आहे, मला ते आवडतं. त्यांना रागावायचं धाडस मला देऊ नकोस, पण उत्तर दे. मी त्यांना अपशिंग्याला घेऊन जायचं म्हणतो. आमच्या साताऱ्याचं गाव, नावापुढे मिलिटरी लागलेलं. पहिल्या महायुद्धात एकट्या त्या गावचे ४६ जण गेले. तिथल्या प्रत्येक घराला लढाई ठाऊक आहे, म्हणून तिथे कोणी "होऊन जाऊ दे" असं म्हणत नाही. आणि वेळ आलीच तर तेच गाव आधी उठतं. हे दोन्ही एकाच छातीत कसं राहतं, ते या पोरांना उमगू दे.

राज्य करणाऱ्यांनाही काही सांग. फौज हलवायचा हुकूम लिहिताना त्यांच्या हाताला थोडी थंडी वाजू दे, आमच्या बोटांना वाजली तेवढी. हुकूम द्यावाच लागला तर देऊ देत, आम्ही पाळू. फक्त विचार करून देऊ देत.

शेवटचं. आमच्या चाळीतला एक मुलगा अग्निवीरच्या भरतीला उतरतोय. बाप एसटीत कंडक्टर. पहाटे मी त्याच्याबरोबर मैदानावर जातो, तो पळतो, मी घड्याळ धरून उभा राहतो. सोळाशे मीटरमध्ये शेवटच्या फेरीला त्याचा दम सुटतो, खांदे वर चढतात. मी ओरडतो, हात सैल सोड. चार वर्षांची नोकरी, मग शंभरातल्या जास्तीत जास्त पंचवीसना पुढे ठेवणार. मी चोवीस वर्षं केली. चार वर्षांत फौजी होतो का, असं तो मला विचारतो. मी सांगतो, फौजी पहिल्या सहा महिन्यांतच होतो, बाकीची वर्षं तो टिकवायची असतात. हे खरं ठरेल एवढं बघ. चार वर्षांनी तो परत आला तर त्याला गेटवरची रात्रपाळी आणि तुटपुंजा पगार एवढंच उरू नये. त्याच्या हाताला कसब दे, जे त्याचं कोणी काढून घेऊ शकणार नाही.

त्याला पायदळात घाल, तोफखान्यात घाल, की माझ्या सॅपर्समध्ये, ते तू ठरव. घरच्यांना मात्र त्याची चिठ्ठी, आता फोनच म्हण, वेळच्या वेळी येऊ दे. भरतीच्या दिवशी पाऊस नको, ट्रॅक निसरडा होतो. आणि कोपिनेश्वरा, ट्रेनिंग सेंटरमध्ये त्याच्या वाट्याला उस्ताद चांगला दे.